पाठीकडून उघडा शर्ट

मावशीने एकोणीस वर्षं स्वर्गात जे काही साठवलं होतं, ते तिच्या भाच्याने एका रविवारी सकाळी सव्वादहा ते साडेदहा एवढ्या वेळात उधळून टाकलं. तेही चर्चमध्ये, भर मंडळीत, दोनेकशे माणसांसमोर, टाळ्यांच्या कडकडाटात. हा भाचा म्हणजे हे लिहिणाराच. पण इथून पुढे त्याला भाचाच म्हणू या. मावशीच्या गोष्टीत 'मी, मी' करण्याइतकं तोंड त्याला उरलेलं नाही.

मावशी काजं करते. तिच्याबद्दल विचारलं तर गल्लीतलं कुणीही एवढंच सांगेल. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिने बत्तीस वर्षं शर्टांना काजं केली, म्हणून ती काजमावशी. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे. तिच्यापुढे येऊन पडायचा तो तयार शर्ट, फक्त पुढची पट्टी आंधळी. खडूने खुणा करायच्या, बारीक कात्रीने चीर द्यायची आणि कडेकडेने दोरा गोवत जायचं. पुढे सहा, कफांना दोन. मग दुकानात काजाचं मशीन आलं. ते मिनिटात आठ काजं करायचं आणि मध्ये पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही. मालकाने मावशीला काढलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. तिला बटणं टाचायला बसवून पगार निम्मा केला, हा त्याचा धंदा.

मशीनचं काज दोन्ही टोकांना सारखंच असतं. मावशीचं तसं नसतं. बटणाची ओढ ज्या टोकाला बसते तिथे ती दोरा पंख्यासारखा गोल फिरवते आणि दुसऱ्या टोकाला आडवे तीन टाके घालून ते बांधून टाकते. भाच्याने दहा वर्षं ही काजं अंगावर वागवली. शर्टाचं कोपर फाटायचं, कॉलर विरायची, काजं जशीच्या तशी. वर्गातली पोरं म्हणायची, याला पुरलं तरी याची काजं शिल्लक राहतील.

मावशीचं घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. खिडकीशी पायमशीन, भिंतीला पलंग, दोन खुर्च्या. त्यातली एक पाहुण्यांची आणि एक कापडाची. पाहुणे दोन आले तर एकाने पलंगावर बसायचं, कापड उठायचं नाही. नवरा लवकर गेलेला. बाई एकटी, खाणं चिमणीएवढं, हौस कसली नाही. मग बत्तीस वर्षांची कमाई जाते कुठे, हा नात्यातला जुना प्रश्न होता. काजमावशीने कुठेतरी भक्कम साठवून ठेवलंय, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भाच्याची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, हिला मात्र शंका होती. ती म्हणायची, ताईच्या हातात सोन्याची लगड दिली तरी ती दुकानात जाऊन विचारेल, याचं किती मीटर पॉपलीन येईल? मामाने एकदा आडून आडून न विचारता सरळच विचारलं की बाई, तू ठेवतेस तरी कुठे? मावशीच्या दातांत सुई होती. सुई न काढता ती म्हणाली, जिथे चोर फिरकत नाही तिथे. मामाने त्यावरून तीन बँकांत लॉकरची चौकशी केली.

भाचा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आहे. लहान गावातल्या शाळेत निबंधाला दोनदा बक्षीस मिळालं, तेव्हापासून आपल्याला लिहिता येतं अशी त्याची समजूत. मावशी त्याला लहानपणापासून पंडित म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्याने कधी तपासलं नाही. तर कचेरीतला एक मीटर वाचणारा म्हातारा कामावर असतानाच कोसळला आणि गेला. घरचे येईपर्यंत कागदपत्रं घेऊन सरकारी दवाखान्याच्या शवागारात कुणीतरी जायला हवं होतं, आणि नवीन माणूस म्हणून साहेबांनी भाच्याला धाडलं.

शवागाराचा राखणदार कमी बोलणारा माणूस. त्याने रजिस्टर पुढे केलं. सही करताना भाच्याची नजर शेजारच्या स्ट्रेचरवर गेली. त्यावर कुणी एक म्हातारा होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात पांढरा, पूर्ण बाह्यांचा, कोरा शर्ट. आणि शर्टाच्या पट्टीवर सहा काजं. एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला आडवे तीन टाके.

भाच्याचं पेन तिथेच थांबलं. हा कोण, असं त्याने विचारलं. राखणदार म्हणाला, कुणाचा नाही. बसस्थानकावर सापडला, आठ दिवस वाट बघितली, उद्या पुरायचा. मग शर्ट? शर्ट गुरुवारी येतो, राखणदार म्हणाला. ज्याचं कुणी नाही त्याला इथे नवा शर्ट असतो. कुठून येतो? साहेब, तुम्ही सही करा, मला अजून तिघांचं बघायचंय.

त्याने म्हाताऱ्याला कुशीवर केलं तेव्हा भाच्याला दिसलं की शर्ट पाठीकडून मानेपासून खालपर्यंत उघडा आहे आणि चार जागी नाड्या बांधल्या आहेत. ताठ झालेले हात बाह्यांत मागे वळवून घालता येत नाहीत. म्हणून असा शर्ट पुढून अंगावर चढवायचा आणि मागे बांधायचा. म्हणजे पुढची बटणं कधी उघडायचीच नव्हती. ती नुसती टाचून दिली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण मावशीने प्रत्येक काज कापलं होतं, गोवलं होतं आणि बटण त्यातून काढून लावलं होतं.

पुढच्या गुरुवारी भाच्याने रजा टाकली आणि दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. साडेअकराला मावशी आली. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं तिने बाजूच्या खिडकीतून आत दिलं, पदराने तोंड पुसलं आणि आल्या पावली परत गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट. भाच्याचा चहा गार झाला. त्याला रडू आलं, आणि ते खरं होतं, हे त्याच्या बाजूने एवढं एकच नोंदवून ठेवावंसं वाटतं.

इथे त्याने घरी जाऊन गप्प झोपायला हवं होतं. पण पंडितच तो. त्याने मंडळीच्या वार्षिक अंकासाठी चार पानी लेख लिहिला. शवागार लिहिलं, म्हातारा लिहिला, काजाचा पंखा आणि तीन टाके लिहिले, आणि शेवटी ते हात कुणाचे हेही लिहिलं. चर्चच्या पाळकांनी तो वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, हे वार्षिकाची वाट बघण्यासारखं नाही, मी येत्या रविवारी उपासनेतच वाचतो. याच पाळकांनी महिन्यापूर्वी गुप्त दानावर पाऊण तास संदेश दिला होता. दान करताना जो वाजतगाजत करतो त्याची मजुरी त्याला जागच्या जागी मिळून गेली, वर त्याच्यासाठी काही उरत नाही, असं त्यांनी मेजावर हात आपटून सांगितलं होतं. ते स्वतः विसरले. मंडळीही घरी पोचेपर्यंत विसरली. भाचा तर तेव्हा मागच्या बाकावर पेंगत होता. लक्षात ठेवून बसलेली एकटी मावशी.

रविवारी ती नेहमीच्या जागी होती, खांबाआड, तिसऱ्या रांगेत. पाळकांनी लेख सुरू केला तेव्हा ती कौतुकाने ऐकत होती. पंडितचं नाव घेतलं होतं ना सुरुवातीला. शवागार आलं आणि तिचा चेहरा बदलला. काजं आली तेव्हा तिने मान खाली घातली. मग तिचं नाव आलं, आणि सगळी मंडळी वळली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पाळक म्हणाले, उभ्या राहा मावशी. ती उभी राहिली. वळून भाच्याकडे एकदा बघितलं. शेजारच्यांना वाटलं, आनंदाने भरून आलंय.

घरी जाताना ती भाच्याच्या चार पावलं पुढे चालली. जिन्याशी थांबून कठडा धरून म्हणाली, "पंडित, तुला कुणी सांगितलं होतं रे?"

भाच्याला वाटलं, राखणदारावर आळ येतोय. तो घाईघाईने म्हणाला की कुणीच नाही, मीच ओळखलं, काजांवरून.

"मी काजंच करायला नको होती," ती म्हणाली आणि वर गेली.

नंतरच्या दिवसांत जे झालं ते होणारच होतं. मंडळीने तिला चौकटीत बसवलेलं मानपत्र दिलं. ते तिने कपाटाच्या आखूड पायाखाली सरकवलं आणि कपाट पहिल्यांदा सरळ उभं राहिलं. एका व्यापाऱ्याने मोटारचं मशीन देऊ केलं. महिला मंडळाने दवाखान्याला चादरी पुरवायचं ठरवलं. ओळखीच्या नसलेल्या बायका जिना चढून तिला बघायला यायच्या, आणि तिचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघायच्या, जणू कापडाचा नमुना. मामाही येऊन गेला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्याने शेवटी हळूच विचारलं, म्हणजे लॉकर नाहीच का गं? आणि नाही म्हटल्यावर त्या एका माणसाने तेवढं मनापासून दुःख केलं.

मावशीने पायमशीनवर झाकण घातलं ते घातलंच. गुरुवार आला, गेला. दुसरा गेला. ती जेवेना, तेव्हा भाच्याच्या आईने भाच्याला फैलावर घेतलं. म्हणाली, आग तू लावलीस, आता पाणी घेऊन तूच जा, तिला पाळकांकडे घेऊन जा. म्हणून भाचा मावशीला घेऊन बुधवारी दुपारी पाळकांच्या घरी गेला. पाळकबाईंनी चहा ठेवला. मावशीने कपाला हात लावला नाही. म्हणाली, मला एकच विचारायचंय, मी जे साठवलं होतं ते गेलं का?

पाळक मोकळं हसले. म्हणाले, मावशी, देव काय दुकानदार आहे? कुणी बघितलं म्हणून लगेच रद्द करायला?

"मग तुम्ही वर उभं राहून सांगता ते कशाला? गुपचूप द्या, स्वर्गातल्या बापाला दिसतं, तो देईल. उघड्यावर दिलं, लोकांनी वाहवा केली, तर मिळालं तुमचं तुम्हाला, मिटलं. तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते मी सांगितलं नाही मावशी. प्रभूने सांगितलंय."

"मग तर झालंच."

पाळक जरा सावरून बसले. त्यांनी दुसरी बाजू घेतली. तुम्ही कुठे वाजवलंत, म्हणाले, वाजवलं ते यानं. आणि भाच्याकडे बोट केलं. भाच्याने चहाच्या कपात बघितलं.

"वाजवलं कुणीही असेल," मावशी म्हणाली. "टाळ्या मला मिळाल्या. आणि खोटं कशाला बोलू, बऱ्या वाटल्या. उभी राहिले तेव्हा घटकाभर असं वाटलं की, चला, कुणीतरी बघितलं. तेवढ्यात गेलं सगळं."

खोलीत पाळकबाईही होत्या. त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की असं काय हवं होतं तुम्हाला तिकडे, की एवढा घोर लावून घेतलात? मुकुट म्हणता, सिंहासन म्हणता, ते काय शर्टांवर मोजून देणार आहेत का?

"मुकुट कशाला हवाय मला, डोकं केवढंसं माझं," मावशी म्हणाली. "एक शर्ट हवा होता."

मग तिने सांगितलं. तिच्या मुलाबद्दल घरात कुणी बोलत नसे. भाच्याला तो लांब्यादादा म्हणून पुसटसा आठवत होता. ताडमाड मुलगा, दारातून येताना मान वाकवायचा आणि आत आल्यावर सरळ करायला विसरायचा. बाविसाव्या वर्षी तो दूरदेशी बांधकामावर गेला. चार महिन्यांनी ठेकेदाराचं पत्र आलं की तापाने गेला, ओळखीचं कुणी वेळेत आलं नाही, तिथल्या नगरपालिकेने पुरला. मागून एक पुडकं आलं. त्यात घड्याळ होतं, पट्टा होता, कंगवा होता. कपडे नव्हते. मावशीने शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली की त्याच्या अंगावर काय होतं? उत्तर आलं, त्यात आजाराचं नाव होतं. तिने परत विचारलं. दुसऱ्या उत्तरात दफनभूमीतला जागेचा नंबर होता. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही.

"तेव्हापासून शिवते," ती म्हणाली. "ज्याला कुणी नाही त्याला मी इथे घालते. कुणाला सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की तो वरचा बघतोय ना, मग त्यानं माझं तिकडे फेडावं. कुणाच्या तरी मनात घालावं, माझ्या पोराला एक शर्ट घालायला. मी नंतर घातलेत आणि पोरगा आधी गेला, हे कळतं मला. पण त्याला काय आधी आणि काय नंतर? त्याला सगळं एकदमच दिसतं, हेही तुम्हीच सांगितलंय."

पाळक वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले, मला हे माहीत नव्हतं मावशी.

"कुणालाच नव्हतं. म्हणून तर चाललं होतं."

घरी येताना भाच्याने एकदा धीर करून म्हटलं की देवाला तुझ्या मनातलं माहीत आहे. मावशी म्हणाली, त्याला माहीत आहे म्हणूनच भीती वाटते. पुढे चौकात गाड्यांची गर्दी होती. तिने रस्ता ओलांडायला त्याचा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

तीन महिने मशीन झाकलेलं राहिलं. मावशी दुकानात जायची, बटणं टाचायची, घरी येऊन खिडकीशी बसायची. खाली सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचा. ती ते तासन्‌तास बघत बसे. शर्टाला आणलेलं पॉपलीन कापडाच्या खुर्चीत तसंच होतं. भाच्याची आई म्हणाली, ताई, निदान त्या कापडाच्या उशांच्या खोळी तरी शिव. मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भाचा दर शनिवारी जायचा, बसायचा, काय बोलावं ते न सुचून पाण्याच्या नळाचा वायसर बदलून परत यायचा. त्या काळात मावशीचा नळ अजिबात गळत नव्हता.

एका शनिवारी भाचा तिथेच असताना भर दुपारी राखणदार जिना चढून आला. शवागाराबाहेर भाच्याने त्याला कधी बघितलं नव्हतं. उजेडात तो बराच म्हातारा दिसला. पाहुण्यांच्या खुर्चीत बसून त्याने पाणी मागितलं, पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं, आणि म्हणाला की एक माणूस आहे. बाजारात हमाली करायचा म्हणतात. दहा दिवस झाले, कुणी आलं नाही. आज साडेचारला न्यायचा आहे.

मावशी म्हणाली, मंडळीकडून चादरी येतात ना आता?

"येतात की. चांगल्या जाड आहेत," राखणदार म्हणाला. "देणाऱ्याचं नाव छापलेलं आहे कोपऱ्यात. हे एवढं. कशीही गुंडाळली तरी ते नाव तोंडावरच येतं बघा. मी उलटी करून घालतो, तर पलीकडूनही दिसतं."

मावशीने खुर्चीतल्या पॉपलीनकडे बघितलं. मग म्हणाली, "उंची किती?"

"बुटका आहे. अंगानं भरलेला. पोट सुटलंय."

हा असा नको होता तिला, हे भाच्याला स्पष्ट दिसलं. आत्तापर्यंत ती मापं घेतल्याशिवायच शिवायची, सगळे शर्ट एकाच लांबीचे, ताडमाड माणसाच्या मापाचे. राखणदार खालचं कापड दुमडून घ्यायचा. तिने उभं राहून कापड उचललं, पुन्हा खाली ठेवलं, आणि विचारलं की छाती किती? राखणदाराने दोन्ही हात पसरून दाखवलं. तिने टेप काढून त्याच्या दोन हातांमधलं अंतर मोजलं.

दीड वाजला होता. कापून झालं, शिवायला बसली, तेव्हा लक्षात आलं की घरात पांढरा दोरा नाही. बॉबिनवर होता तेवढ्यात एक बाही झाली. तीन महिने तिने रीळ आणलं नव्हतं, आणि शनिवारी दुपारी दोऱ्याचं दुकान बंद. भाचा म्हणाला, मी सायकलवर जाऊन बाजारातून आणतो. मावशी घड्याळाकडे बघून म्हणाली, वेळ नाही. आणि जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ न मागितलेली ही बाई उठून समोरच्या खोलीतल्या शेजाऱ्यांच्या सुनेचं दार वाजवायला गेली.

सून तिखट जिभेची. दारातून तिचा आवाज इकडे ऐकू आला. "अगंबाई, काकू, तुम्ही आणि उसनं? न्या की. फक्त माझंही नाव मंडळीत वाचायला सांगा म्हणजे झालं." मावशीने त्यावर काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात कोरं रीळ होतं.

सव्वातीनपर्यंत शर्ट शिवून झाला. राहिली होती काजं. भाच्याला वाटलं, आता बटणं नुसती टाचेल. वेळ नव्हता, आणि कुणाला दाखवायचं होतं? तिने खडू घेतला, सहा खुणा केल्या आणि पहिल्या खुणेला चीर दिली. दोन काजं घरी झाली. बाकीची चार तिने बसमध्ये केली, खिडकीकडच्या जागेवर, शर्ट मांडीवर घेऊन. बस खड्ड्यातून गेली की सुई वर धरायची, खड्डा संपला की परत खाली. समोर बसलेल्या एका बाईने कौतुकाने विचारलं, मुलाचा का? मावशी म्हणाली, नाही.

एकोणीस वर्षं ती त्या बाजूच्या खिडकीच्या पुढे गेली नव्हती. त्या दिवशी आत गेली. खोली बर्फासारखी गार होती, फरशी ओली होती. माणूस खरोखरच बुटका होता, पन्नाशीचा, खांद्यांवर ओझ्याचे घट्टे. मावशीने आधी त्याच्याकडे बघितलं नाही, शर्टाकडेच बघत राहिली. मग बघितलं. राखणदाराने एक हात धरला, भाच्याने दुसरा, बाह्या चढल्या. मावशीने त्याला कुशीवर करायला लावून मागच्या नाड्या स्वतः बांधल्या, चारही, आणि शेवटची जरा सैल करून परत बांधली, पोटावर ओढ बसत होती म्हणून. कॉलर सरळ केली. मग दोन बोटांनी त्याचं वरचं बटण काजातून काढलं आणि पुन्हा लावलं, नीट बसतंय का ते बघायला.

राखणदाराने रजिस्टर उघडलं आणि विचारलं की आता सगळ्यांना माहीतच आहे, तर शर्ट कुणाकडून ते लिहू का?

"लिही नाहीतर नको लिहू," मावशी म्हणाली. "यात आता माझं काही नाही. हा त्याचा शर्ट आहे."

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. गाडी त्या माणसाला घेऊन फाटकातून बाहेर पडेपर्यंत बसली होती. भाच्याला बोलल्याशिवाय राहवेना. तो म्हणाला, मावशी, आजचं तर मोजलं जाईल ना? आज तू कशासाठीच केलं नाहीस.

मावशीने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो शाळेत असताना बटण तोडून आल्यावर बघायची. "मोजू नकोस, पंडित," ती म्हणाली. "तुझं मोजणंच वाईट."

आणि मग पदर तोंडाला लावून ती रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. माझं लेकरू तसंच गेलं असेल रे, एवढंच तिच्या तोंडून आलं. भाचा शेजारी बसून राहिला. फाटकाशी येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्या पायरीवर रोजच कुणीतरी रडत असतं.

त्यानंतर ती पुन्हा शिवायला लागली. आता लपून नाही आणि सांगूनही नाही. पुडकं खिडकीतून देत नाही, आत जाते, मापाचा शर्ट शिवते, नाड्या बांधते. मंडळीतल्या बायका विचारतात तेव्हा सांगते. कुणी तोंडभरून कौतुक केलं तर ऐकून घेते. आपल्याला वर काही मिळणार आहे, असं ती आता म्हणत नाही. आणि मुलाबद्दल बोलली तर एवढंच म्हणते, कुणास ठाऊक. हे सगळं लिहू का, असं भाच्याने घाबरत घाबरत विचारलं तेव्हा तिने काजावरून नजर वर केली नाही. लिही की, म्हणाली. आता लपवण्यासारखं काय उरलंय?

समोरच्या सुनेचं रीळ तेवढं राहून गेलंय. मावशी दर महिन्याला तिच्यासाठी म्हणून नवं पांढरं रीळ आणते, कपाटात वेगळं ठेवते, आणि द्यायला जाणार इतक्यात राखणदाराचा निरोप येतो. ते रीळ त्यातच जातं. सून जिन्यात भेटली की म्हणते, काकू, माझ्या दोऱ्याचं काय झालं? मावशी म्हणते, देते गं, उद्या देते.